नंदगडच्या मामांना पत्र

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

फोनवरचं बारीक अक्षर तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितेय, कारण बांबूच्या धनुष्यावर शिकणारी माझ्यासारखी पोरं आपल्याकडं आहेत, आणि माझं जे चुकत होतं तेच त्यांचंही चुकत असेल. तुम्ही मला जे दाखवलंत ते माझ्या एकटीपाशी राहू नये.

जुलैतला तो दिवस तुम्हाला आठवतच असेल. खानापूरहून वडापनं आले, संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीच्या तुमच्या गावात उतरले तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. बाण प्लॅस्टिकात गुंडाळून छातीशी धरले होते, तरी पिसं भिजून काठीला चिकटली होती. तुम्ही आत हाक मारून आधण ठेवायला सांगितलंत. मला वाटलं, चहा होतोय. तुम्ही भांड्यावरचं झाकण सरकवलंत आणि एक बाण त्या वाफेवर धरून बोटांत सावकाश फिरवत राहिलात. पिसाचा एकेक तंतू सुटा होत गेला आणि घटकाभरात पीस पुन्हा ताठ उभं राहिलं. मी तर ते बाण वाया गेले म्हणून रडवेली झाले होते.

मग तुम्ही चष्मा खाली घेतलात, बाण खाचेकडून डोळ्यासमोर धरलात आणि म्हणालात, “पोरी, ही तिन्ही पिसं एका बाजूची न्हवंत. बघ की.”

तोवर मी सहा महिने हैराण होते. इंडियन राउंडला, म्हणजे बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धेच्या प्रकारात, 30 मीटरवर बाण शेपूट हलवत जायचा, 50 मीटरवर तर कुठं पडेल त्याचा नेम नाही. कोणी म्हणालं, पिसं जास्त तिरकी लाव, बाण जोरात फिरेल आणि सरळ जाईल. मी लावली, अगदी पीळ दिल्यासारखी. बाण भर्रर आवाज करत निघायचा आणि 50 मीटरला टार्गेटच्या खाली मातीत रुतायचा. मी ताकद कमी पडते म्हणून रोज संध्याकाळी दंड मारत होते, मामा. दोष दंडात नव्हताच.

तुम्ही टर्कीची दोन सुटी पिसं फळीवर शेजारी ठेवलीत. एक डावीकडं वाकलेलं, एक उजवीकडं, जशी आपल्या दोन हातांची बोटं. डाव्या पंखातलं पीस डावीकडंच तिरकं लावायचं, उजव्यातलं उजवीकडं. पिसाची एक बाजू गुळगुळीत आणि एक खरखरीत, त्यामुळं ते अगदी सरळ लावलं तरी बाणाला आपल्या बाजूला थोडं फिरवतंच. माझ्या एका बाणावर दोन डावी आणि एक उजवं होतं. दोन पिसं त्याला एकीकडं वळवत होती, तिसरं उलटं ओढत होतं. ज्या दुकानातून तयार बाण घेतले तिथं कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही आलं नव्हतं. उजव्या हातानं ओढणाऱ्याला अमुकच पंख लागतो का, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, कुठलाही घे, पण सगळ्या बाणांना एकच.

कोनाचं तुम्ही सुताराच्या मापानं समजावलंत, म्हणून ते डोक्यात बसलं. चार इंचाच्या पिसाचं पुढचं टोक मागच्या टोकाच्या रेषेपासून साडेतीन मिलिमीटर बाजूला गेलं की झाले दोन अंश. पट्टी लावून पेन्सिलीनं काठीवर दोन ठिपके दिलेत. माझा हात आणखी तिरपा करायला निघाला तेव्हा तुम्ही पिसं चिकटवायच्या सरळ पात्याच्या चिमट्यात पीस धरून तीन अंशांच्या पुढं नेऊन दाखवलंत. काठी गोल, चिमटा सरळ, त्यामुळं पिसाची दोन्ही टोकं काठीवरून उचलली गेली आणि खाली उजेड दिसला. “गोंद इथं काय धरणार?” एवढंच विचारलंत. त्याहून जास्त पीळ हवा तर चिमटाच पिळाचा लागतो, आणि जितका पीळ जास्त तितकी हवा बाणाला मागं ओढते. 50 मीटरला माझे बाण मातीत का जात होते ते मला तिथं कळलं.

पण पिसं चिकटवायच्या आधी तुम्ही मला पावसाच्या उघडिपीत मागच्या परड्यात नेलंत. भाताच्या पिंजराचा, म्हणजे वाळल्या काडाचा, भारा उभा केलात, पंधरा पावलांवरून पिसांचे तीन बाण मारायला लावलेत, मग एक बिनपिसांचा. तो बाकीच्यांच्या वीतभर डावीकडं घुसला. मी उजव्या हातानं ओढणारी, म्हणजे काठी धनुष्याच्या मानानं ताठ. मग तुम्ही 100 ग्रेनचं टोक काढून 125 चं बसवलंत. फरक दीड ग्रॅमाच्या वर थोडासा. पुढचं वजन वाढलं की सुटताना काठी जास्त वाकते. तोच बाण चार बोटांवर आला. माझं सगळं लक्ष पिसांत होतं, आणि मी पिसांच्या पिळानं काठीचा ताठपणा झाकायला बघत होते.

आणि माझं बोट! बांबूच्या धनुष्याला बाण टेकायला खाच नाही, तो मुठीवरूनच जातो. पिसाच्या देठाचं पुढचं टोक माझ्या तर्जनीचं पेर दर वेळी ओरबाडायचं, मी पट्टी बांधून खेळत होते. तुम्ही न विचारता ते देठ पातळ घासलंत, त्यावर दोऱ्याचे सात-आठ फेरे घेतलेत, वर गोंदाचा हात फिरवलात. आता बोटावर नुसता वण आहे.

त्या बारा बाणांतले अकरा शाबूत आहेत. एक येळ्ळूरच्या माळावर दगडावर आपटून मोडला, तो मी टाकलेला नाही. 30 मीटरवर शेपूट हलायची थांबलीय. 50 मीटरला अजून वारा असला की पांगतात, ते माझ्या हाताचं काम आहे आणि मी ते करतेय.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. “पुढच्या पोराला दाखव,” म्हणालात. आमच्या गल्लीतल्या दोन मुलींना मी गेल्या आठवड्यात डावं-उजवं पीस ओळखायला शिकवलं. धाकटीनं पहिल्याच दिवशी माझ्या जुन्या डब्यातलं एक चुकीचं पीस शोधून काढलं.

दिवाळीनंतर त्या दोघींना घेऊन येते. काठ्या आणते, पिसं सगळी डाव्या पंखाची आणते आणि मामींसाठी कुंदा. आधण तेवढं तयार ठेवा.

तुमची,
येळ्ळूरची पोर