आई, ती बिननावाची पुडी आधी डॉक्टरांना दाखव

आई-बाबा, नमस्कार.

फोनवर नीट बोलणं होतच नाही, आई "बरंय गं सगळं" म्हणून विषय बदलते, म्हणून आईच्या गुडघ्यांच्या औषधांबद्दल, मुख्य म्हंजे ती घेते त्या बिननावाच्या पुडीबद्दल, लिहूनच पाठवतेय, दोघांनी बसून वाचा.

आई, गुडघ्यांसाठी तू झाडपाला वापरतेस याला माझी अजिबात हरकत नाही, उलट निर्गुडीचा शेक चालूच ठेव. ओढ्याच्या कडेला, शेताच्या कुंपणाला असते बघ, एका देठाला तीन नाहीतर पाच पानं, वरून हिरवी, पाठीमागून पांढरट, चुरगाळली की उग्र वास. पानं तव्यावर थोडं एरंडेल टाकून गरम करायची, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी सावकाश शेकायचं, आजी पण असंच करायची. फक्त तुला शुगर आहे, चटका बसलेला लवकर कळत नाही, म्हणून पुरचुंडी आधी बाबांनी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची आणि मगच तुझ्या गुडघ्याला. सांधा लाल होऊन सुजला असेल, हाताला गरम लागत असेल तर चोळायचं नाही. आणि सकाळी उठल्यावर हाताची बोटं तासभर आखडलेली राहायला लागली तर लगेच सांग, ती नुसती झीज नसते, आमवात असू शकतो, त्यात आयुर्वेदवाले पण तेल टाळून भाजलेल्या वाळूचा कोरडा शेक देतात, आणि वेळेत औषध सुरू झालं नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात.

बिब्बा मात्र नको म्हंजे नकोच. मावशी मायेनंच सांगते, पण बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात आणि शुगर असताना जखम भरायला किती वेळ लागतो ते तुला माहितीये.

हळदीचं दूध दोघंही खुशाल घ्या, आपल्या शेजारी सांगलीची हळद असताना बाहेरून काय मागवायचं. हळदीत कर्क्युमिन, म्हंजे तिचं औषधी द्रव्य, असतं जेमतेम तीनेक टक्के आणि ते अंगाला फारसं लागत पण नाही, मिरी घातली की जास्त शोषलं जातं. पण बाबा, तुम्ही ऑनलाईन मागवलेली कॅप्सूल म्हंजे हळदीचं दूध नव्हे, त्यात तेच कर्क्युमिन कितीतरी पटीनं आहे आणि वर मिरीचा अर्क, आणि तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडू नका प्लीज. आईला काही घ्यायचंच असेल तर शल्लकीबद्दल विचारा, म्हंजे सालईच्या झाडाचा डिंक, गुडघ्याच्या झिजेवर त्याचे अभ्यास झालेत आणि काहींना दुखणं कमी झालेलं दिसलंय, पण ते पण हळूहळू, काही आठवड्यांनी.

म्हणून मला भीती वाटते ती त्या पुडीची. वरती नाव नाही, आत काय ते लिहिलेलं नाही आणि तू म्हणतेस दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला. आई, कुठलाच पाला इतक्या झटपट काम करत नाही गं. सांधेदुखीच्या अशा पावडरींमध्ये स्टेरॉइड नाहीतर पेनकिलर मिसळलेली बऱ्याचदा सापडलीयेत. स्टेरॉइडनं शुगर चढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, आणि तुझी शुगर याच दिवसांत वाढलीये, व्हिडिओ कॉलवर तोंड पण सुजल्यासारखं दिसतंय. पण घाबरून स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नको, खूप दिवस स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, अचानक थांबवलं तर चक्कर येते, बीपी पडतं, जिवावर बेतू शकतं. कशी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील, गरज पडली तर त्यांच्या गोळीनं हळूहळू कमी करतील.

तेव्हा उद्या सकाळीच रिक्षा करून जा, माझी वाट बघत बसू नका. उरलेल्या पुड्या, बाबांची कॅप्सूल, रोजच्या गोळ्या, तेलाची बाटली सुद्धा, सगळं एका पिशवीत घालून टेबलावर ठेवा. डॉक्टर ओरडतील म्हणून काही लपवू नका. बाबा, आईवर चिडू नका, दुखणं सहन होत नव्हतं म्हणूनच तिनं घेतलंय. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम तिच्याकडून करून घ्या, मांडीच्या स्नायूंत ताकद आली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. जिना चढून देवदर्शन सध्या राहू दे.

जाऊन आलात की फोन करा, शुगर किती आली आणि डॉक्टर पुडीबद्दल काय म्हणाले ते आईनंच सांगायचं. मी शनिवारी येतेय.

तुमची लेक