ईशाला, तपासणीच्या आधी

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, मी आळशी आहे की मला एडीएचडी आहे?" एवढं विचारून काल तू फोन ठेवलास. गणितातले गुण राहू देत, पण तो 'आळशी' शब्द मनातून जात नाही. रात्री झोपतेस ना नीट?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणारा विकार. हुशार मुलांना तो नसतो हे खरं नाही. हुशारी तो झाकते. अभ्यास सोपा असेतो एकदा ऐकलेलं पुरतं. पुढे कामाचे टप्पे स्वतः पाडावे लागतात, तिथे गाडं अडतं. तासन् तास कोडी सोडवतेस म्हणजे लक्ष ठीकच आहे, असं आजी म्हणते. पण आवडीच्या कामात तंद्री एडीएचडी असूनही लागते. नावडतं काम सुरू करणं आणि तडीस नेणं, अडचण तिथे असते. नुसता कंटाळा असेल तर कठीण काम मिळाल्यावर मूल सहसा सावरतं. तुझं तसं होतं का, ते बघ.

इंटरनेटवरच्या प्रश्नावलीवर निकाल लावू नकोस. मनोविकारतज्ज्ञांना भेट. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये हे कळत नाही. तुला 17 पूर्ण आहेत, म्हणून लक्ष न लागण्याच्या 9 पैकी निदान 5 लक्षणं लागतात, 6 महिने टिकलेली. त्यांतली काही 12 व्या वर्षाआधीपासून आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी दिसणारी. बुद्ध्यंक काढलाच तर एकूण आकड्यावर थांबू नकोस. भाषिक आकलन खूप वर आणि कार्यकारी स्मृती (ऐकलेलं डोक्यात धरून वापरण्याची क्षमता) किंवा कामाचा वेग खाली असला, तर सरासरीत दोन्ही लपतात. एवढ्यावरून निदान होत नाही, पण मदत कुठे हवी ते दिसतं. थायरॉइड, रक्तक्षय, चिंता हेही तपासतील. आणि झोप. अपुऱ्या झोपेने अगदी अशीच लक्षणं दिसतात, म्हणून विचारतो.

तोवर "गणित करणे" असं लिहू नकोस, "पहिली 3 उदाहरणं" असं लिही. 20 मिनिटांचा गजर लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. मैत्रिणीची एडीएचडीची गोळी मात्र चुकूनही घेऊ नकोस. त्या औषधांनी नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, आणि लक्ष लागलं तरी त्याने निदान होत नाही. उपदेश फार झाला, रागावू नकोस.

दुसरीत सगळे पाढे तोंडपाठ होते तुझे, उलटेसुद्धा! बाईंचा शेरा होता: "तोंडी उत्तम, वही अपूर्ण." आईने सगळी प्रगतिपुस्तकं जपून ठेवली आहेत. डॉक्टरांना लहानपणाचा पुरावा लागतो, म्हणून शेऱ्यांचे फोटो आज पाठवतो. घरचं माणूसही बोलावतील, तेव्हा मी येईन. भेटीच्या आधी 2 आठवडे किती वाजता झोपलीस, किती वाजता उठलीस, ते रोज लिहून ठेव. तारीख ठरली की कळव.

तुझा,
बाबा