जीप घेताना आधी खाली वाका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या लष्करी गाड्यांचे फोटो आले आणि आमच्या घरात परत तोच विषय निघाला. गेल्या वर्षी लष्करातून निघालेली जुनी जीप घेण्याच्या खटाटोपातून आम्हीही गेलो. सासरे, हे, दोन मुलं आणि मी. तंबू, भांडीकुंडी भरून केळशीला नणंदेच्या वाडीत चार दिवस राहता यावं, एवढीच गरज. ह्यांना मात्र जोंगाच, म्हणजे लष्कराची ती जुनी दणकट जीप, हवी होती.

जोंगा दिसायला राजा, कबूल. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली, सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. पण तिचं उत्पादन १९९९ मध्येच थांबलं. विकणारा लिटरला पाच किलोमीटर म्हणाला, म्हणजे चार धरा. आणि बिघडली तर दापोलीत तिचे पार्ट कुठे शोधणार? ती बाजूला पडली, मारुतीची जिप्सी उरली.

आमचे आबा, म्हणजे सासरे, लष्करात ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रांच्या दुरुस्तीच्या दलात होते. आयुष्य गाड्या दुरुस्त करण्यात गेलं, पण गाडी बघताना ते इंजिनकडे शेवटी वळतात. चिपळूणजवळ एक जिप्सी बघितली. मालकाने कौतुकाने बॉनेट उघडलं, तोवर आबा पोतं अंथरून गाडीखाली गेलेसुद्धा. हातोडीने चेसिस वाजवत पुढून मागे सरकले. ठण, ठण, ठण. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ आवाज बसला. थप. वरचा काळा रंग ताजा होता; स्क्रूड्रायव्हर टेकवला तर गंजातून बोटभर आत. मग मागचं मॅटिंग उचललं, तर पत्र्याच्या घडीत वाळलेला बारीक गाळ. २०२१ च्या पुराची आठवण. आबा कपडे झटकत एवढंच म्हणाले, "सूनबाई, ही पोहून आलीय."

शेवटी साताऱ्याकडची घेतली. घाटावरच्या गाडीला सहसा खारी हवा लागलेली नसते. लष्कराच्या लिलावाचे कागद, आरसी आणि चेसिसवर कोरलेला नंबर, तिन्ही जुळवूनच पैसे दिले. पंधरा वर्षांवरच्या गाडीची फेरनोंदणी पाच वर्षांपुरतीच होते आणि पर्यावरण कर वेगळा, तो हिशेब घासाघीस करतानाच धरावा. रंगाचंही सांगते: लष्कराचा ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला चालत नाही, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी स्पष्ट मनाई आहे. तरी विकणारे हौसेने तोच फासून ठेवतात आणि घेणारेही भुलतात. तो मिळणार नाही म्हणून आमच्या धाकटीने दोन दिवस अबोला धरला होता.

माझी अट एकच होती, मागची बाकं. लष्करी जिप्सीत ती आडवी, समोरासमोर असतात, पट्टे नाहीत. जवानांना चालतं; खेड-दापोलीच्या वळणांवर मुलं तशी बसवायची माझी छाती नाही. सीट बदलायची तर आधी आरटीओत विचारून घ्यावं. आम्ही विचारलं, त्यात महिना गेला, पण आता मुलं तोंड पुढे करून, पट्टा लावून बसतात.

चारही चाकांची ताकद वर्षभरात एकदाच लागली, वाडीतल्या ओल्या लाल मातीच्या चढावर. वाळूत गाडी आम्ही घालत नाही. कर्दे-मुरुडला भरतीच्या तोंडाशी रुतलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर शोधणारे पाहुणे बघून झालेत. शिवाय आंजर्ले-वेळासकडे कासवांची अंडी वाळूतच असतात, वरून ती दिसत नाहीत. किनाऱ्यालगत जाऊन आलं की घरी विहिरीच्या पाण्याने गाडीचं पोट धुवायचं. ते काम ह्यांच्याकडे. आणि तंबू माडाखाली ठोकू नये, हे कोकणात सांगावं लागू नये, पण सांगते.

वरचं कापडी हूड मात्र गळतं. जूनच्या पहिल्या सरीत धाकटीने मागच्या सीटवर छत्री उघडली आणि दापोली येईपर्यंत मिटली नाही.

– एक वाचक, दापोली
(नाव छापू नये, ही विनंती)