‘ई’ची किंमत दिली म्हणून पॉयसन?

संपादक महोदय,

आमच्या शेजारची मुलगी बारावी कॉमर्सला आहे. गेल्या आठवड्यात गणिताची वही घेऊन आली. म्हणाली, “काका, क्लासमध्ये सांगितलंय, उदाहरणात ‘ई’ची किंमत दिली असेल तर पॉयसन वितरण, नसेल तर द्विपद. एवढं लक्षात ठेवलं की झालं ना?” ‘ई’ म्हणजे गणितातला सुमारे २.७१८ हा ठरलेला आकडा. आणि ही दोन वितरणं म्हणजे मालात किती नग खराब निघतील याची संभाव्यता काढायच्या दोन रीती: द्विपदाला नगांची संख्या आणि खराबीचं प्रमाण लागतं, पॉयसनला नुसती सरासरी पुरते. क्लासच्या युक्तीनं मार्क मिळतील, पण ऐकून जीव हळहळला. सातपूरच्या कारखान्यात ३१ वर्षं मी तपासणी खात्यात काढली. या दोन वितरणांचं नातं मला रोज हाताखालून जाणाऱ्या मालानं शिकवलं.

तिला कॅल्क्युलेटर घेऊन बसवलं. शंभर बुशांत (बुश म्हणजे यंत्रात बसणारी छोटी नळी) सरासरी दोन खराब निघतात असं धरलं. एकही खराब न निघण्याची संभाव्यता किती? द्विपदानं ०.९८चा शंभरावा घात, म्हणजे ०.१३२६. मग सरासरी दोनच ठेवून नगांची संख्या बदलली. दहा नग, खराबी २० टक्के: ०.१०७४. हजार नग, खराबी ०.२ टक्के: ०.१३५१. दहा, शंभर, हजार अशा क्रमानं तिनं तिन्ही उत्तरं एकाखाली एक मांडली आणि तळाला पॉयसनचं, ‘ई’चा उणे दोन घात: ०.१३५३. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “हे चक्रवाढ व्याजासारखं झालं. व्याज आकारण्याचे टप्पे वाढवत गेलं की रक्कम एका आकड्यापाशी येऊन थांबते, तसं.” हे तिचं तिनं शोधलं!

कारणही अवघड नाही. व्हेरियन्स म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरतात याचं माप. द्विपदाचा व्हेरियन्स म्हणजे सरासरी गुणिले नग चांगला निघण्याची संभाव्यता. पॉयसनचा व्हेरियन्स सरासरीइतकाच. खराबी विरळ असेल तर ती संभाव्यता १ला भिडते आणि फरक मिटतो. खराबी ५० टक्के असेल तर नग कितीही वाढवा, पॉयसन जुळत नाही. तिथे घंटेच्या आकाराचं नॉर्मल वितरण लागतं. गणितज्ञ द मॉय्व्हर यांनी ते १७३३मध्ये दाखवलं, पॉयसन यांच्या १८३७च्या ग्रंथाच्या शंभर वर्षं आधी.

खुद्द द्विपदालाही मर्यादा आहे. ते प्रत्येक नगाला खराबीची शक्यता तीच धरतं. पण तपासायला काढलेला नग आम्ही खोक्यात परत टाकत नसू, म्हणून ती शक्यता दर वेळी थोडी बदलते. हजारोंच्या लॉटमध्ये त्यानं काही बिघडत नाही. पण २० नगांच्या खोक्यात चार खराब असतील आणि पाच काढले, तर पाचही चांगले निघण्याची संभाव्यता ०.२८१७. द्विपद सांगतं ०.३२७७. अशा छोट्या खोक्याला मोठ्या लॉटचा हिशेब लावला की माल आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. पुढे तो परत येतो, तेव्हा बोलणी तपासणीवाल्यालाच बसतात.

कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, यासाठी एक तास द्या. आणि मंडळानं प्रश्नपत्रिकेत एखादा असा प्रश्न घालावा: हेच उदाहरण दोन्ही वितरणांनी सोडवा आणि उत्तरांत फरक का पडला ते लिहा.

— एक निवृत्त तपासनीस, इंदिरानगर, नाशिक