नात मातीला का आली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. मी कराडजवळच्या एका गावात राहते, हायस्कूलला मराठी शिकवते. मागच्या डिसेंबरात १८ तारखेला पहाटे चारला माझ्या सासूबाई गेल्या. ८१ वर्षांच्या होत्या. माझी धाकटी लेक त्यांच्याच मांडीवर वाढली, मी शाळेत गेले की माईच तिचं सगळं बघायच्या, आणि ती इंग्लंडला एमएस्सीला निघाली तेव्हा पैसे कमी पडत होते तर ह्याच माईंनी कुणालाही न विचारता हातातल्या पाटल्या काढून दिल्या. ती नात मातीला आली नाही. सावडायला नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. गावात काय काय बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही, पण अजून बोलतात, परवा एका लग्नात एका बाईंनी माझ्या तोंडावर विचारलं की पाटल्या घ्यायला बरी आठवण होती. म्हणून हे पत्र. ती का आली नाही ते सगळ्यांना कळू दे, आणि ज्यांची मुलं आत्ता तिकडे शिकतायत त्यांनी तर हे वाचाच, कारण आमच्या घरात त्या रात्री जे झालं ते कुणाच्याही घरात होऊ शकतं.

ती सप्टेंबर २०२४ ला लेस्टरला गेली. एक वर्षाचा कोर्स. सप्टेंबर २०२५ ला डिझर्टेशन (कोर्सचा शेवटचा प्रबंध) जमा केलं, पण स्टुडंट व्हिसा जानेवारी २०२६ अखेरपर्यंत होता, कारण वर्षाचा किंवा त्याहून मोठा कोर्स असेल तर कोर्स संपल्यावर चार महिने जास्तीचे मिळतात. आम्हाला घरी वाटायचं की हे चार महिने म्हणजे सुट्टी, मजेत फिरावं, दिवाळीला घरी यावं, मग बघू नोकरीचं. पण खरं तर त्या चार महिन्यांतच सगळं असतं. तिकडे शिकलेल्या मुलांना शिक्षणानंतर काम करायला दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, पीएचडीवाल्यांना तीन वर्षांचा. त्याला आधी नोकरी लागत नाही, पगाराची अट नाही, बँकेत अमुक पैसे दाखवा असंही नाही. २०१२ ला त्यांनी ही सोय बंद केली होती, १ जुलै २०२१ पासून परत सुरू झाली. पण तो व्हिसा आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि तो स्टुडंट व्हिसा संपायच्या आत, स्वतः यूकेमध्ये हजर असताना करावा लागतो. इथून, भारतातून, करताच येत नाही. आणि एकदा अर्ज केला की निर्णय येईपर्यंत यूके, आयर्लंड, चॅनल बेटं आणि आइल ऑफ मॅन एवढं सोडून बाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. फेटाळला सुद्धा नाही, मागे घेतला! कारण काहीही असो, आजारपण, लग्न, मयत, काहीही.

हे आम्हाला १८ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणजे लेकीला माहीत होतं. तिचा रिझल्ट नोव्हेंबरच्या शेवटी लागला, मग विद्यापीठाने होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिकडच्या गृहखात्याला, कळवलं की ही मुलगी पास झाली (हे त्यांनी कळवल्याशिवाय अर्ज करायचाच नसतो, पदवीदान समारंभ किंवा सर्टिफिकेट हातात येणं ह्याच्याशी त्याचा काही संबंध नाही, हे पण आम्हाला मागाहून कळलं), तसा ईमेल तिला आला आणि तिने ५ डिसेंबरला अर्ज भरला. तिने फोनवर सांगितलं होतं आई अर्ज झाला, मी म्हणाले छान झालं. पुढे तिने काय सांगितलं ते माझ्या कानावरून गेलं असेल, आम्हाला फक्त पैसे किती ते विचारायचं होतं. तेव्हा फी होती ८८० पाउंड, आणि हेल्थ सरचार्ज (तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठीचे पैसे) वर्षाला १,०३५ प्रमाणे दोन वर्षांचा २,०७०, तोही आगाऊ. सगळे मिळून २,९५० पाउंड, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास. कोर्स संपल्यावर असा एवढा खर्च एकदम येतो हे पण कर्ज काढताना आम्हाला कुणी बोललं नव्हतं.

माई गेल्या तेव्हा तिकडे बुधवारची रात्र होती, साडेदहा वाजलेले. मिस्टरांनी तिला फोन केला आणि म्हणाले लगेच निघ, मी तिकीट काढतो. ती रडायलाच लागली आणि रडता रडता म्हणाली, बाबा मला नाही येता येणार, माझा अर्ज आत आहे. ह्यांना कळेचना. आई गेली आहे आणि पोरगी अर्जाचं काय सांगते. ते ओरडले. मी पण बोलले तिला, खोटं कशाला सांगू, मी म्हणाले तुला पाटल्यांची तरी आठवण आहे का. तेच वाक्य मी बोलले होते जे आज लोक मला बोलतात.

मग ह्यांनी ज्या कन्सल्टन्सीने तिला पाठवलं होतं तिथल्या माणसाला पहाटे साडेपाचला फोन लावला. त्याने उचलला हे खरं, पण सांगितलं काय, तर काका काही काळजी करू नका, व्हिसा जानेवारी अखेरपर्यंत चालू आहे, पंधरा दिवस येऊन जाऊ दे काही होत नाही. झालं, आमचा त्याच्यावर विश्वास, लेकीवर नाही. तिकीट काढलं ९२ हजाराचं, गुरुवारच्या संध्याकाळचं, हीथ्रो ते मुंबई. मोठे दीर म्हणाले माती शुक्रवारपर्यंत थांबवायची का, पण मग नको म्हणाले.

ती रात्रभर जागी होती. सकाळी विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस उघडल्या उघडल्या ती तिथे जाऊन बसली. तिथल्या सल्लागार बाईंनी तिला समजावलं आणि लेखी ईमेल दिला की निर्णयाआधी देश सोडलात तर अर्ज मागे घेतला असं धरलं जाईल. तो ईमेल तिने आम्हाला पाठवला. ह्यांना इंग्रजी वाचता येतं पण त्या क्षणी वाचवेना, मी वाचून दाखवला. आपल्याकडे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले, घरात सगळे जमलेले, माईंना अंगणात ठेवलेलं. ह्यांनी फक्त एवढंच म्हटलं, मग राहू दे तिला. व्हिडिओ कॉल लावला, पुतण्याने मोबाईल धरला, तिने तिकडून हात जोडले.

ती आली असती तर काय झालं असतं? अर्ज गेला असता, स्टुडंट व्हिसा महिनाभर उरलेला. तेराव्यापर्यंत थांबली असती तर ३० डिसेंबर. मग परत जाऊन नव्याने अर्ज, परत पैसे भरा, आणि कोर्स संपलेली मुलगी परत येते म्हणून विमानतळावर चार प्रश्न विचारतील ते वेगळंच. आणि आमच्यासारख्यांना तर कळलंच नसतं, आम्ही म्हणालो असतो आता आलीच आहेस तर संक्रांत करून जा. जानेवारी संपला असता आणि दार बंद. माझ्या बहिणीच्या गावातल्या एका मुलाचं अगदी असंच झालं. तो अर्ज न करताच ऑक्टोबरमध्ये दिवाळीला आला, रिझल्ट लागला की इथूनच ऑनलाइन भरू असं त्याला कुणीतरी सांगितलेलं, ऑनलाइन आहे म्हटल्यावर आपल्याला वाटतंच की कुठूनही चालेल. रिझल्ट लागेपर्यंत आईला बरं नव्हतं, जाणं पुढे पुढे गेलं, व्हिसा संपला. २२ लाखाचं कर्ज आहे आणि मुलगा पुण्यात १८ हजारावर काम करतोय. हुशार मुलगा आहे हो.

मला राग आहे तो कन्सल्टन्सीवाल्यांचा, आणि तो मी लपवत नाही. मुलं जायच्या आधी हॉटेलात सेमिनार घेतात, आईवडिलांना पुढच्या रांगेत बसवतात, चहा बिस्किटं देतात, स्टे बॅक दोन वर्षांचा, स्टे बॅक दोन वर्षांचा असं दहा वेळा सांगतात. पण तो स्टे बॅक, म्हणजे हाच ग्रॅज्युएट व्हिसा, मिळवायचा कसा, कधी, त्या काळात काय करायचं नाही, हे एकदाही नाही. आणि कोर्स संपत आला की मग फोन, ग्रॅज्युएट व्हिसाची फाईल आम्ही करून देतो, ३५ हजार. लेकीने स्वतः भरला, पासपोर्ट मोबाईलच्या ॲपवरून स्कॅन केला, विद्यापीठाने दिलेला कॅस नंबर (स्टुडंट व्हिसाच्या वेळी मिळतो तो प्रवेशाचा नंबर) टाकला, पैसे भरले, एका संध्याकाळचं काम. ज्या माणसाला बाहेर जायचं नाही एवढं साधं माहीत नव्हतं तो ३५ हजार कशाचे घेणार होता?

फक्त एका बाबतीत कागद लागतो आणि तो आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना लागू होईल म्हणून सांगते. गेल्या बारा महिन्यांत ज्यांची फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही एखाद्या सरकारने दिलाय, म्हणजे आपल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारखी पूर्ण शिष्यवृत्ती, त्यांना अर्जाबरोबर त्या सरकारचं संमतीचं पत्र जोडावं लागतं. आपली ऑफिसं कशी चालतात ते तुम्हाला माहीत आहे, ते पत्र चार दिवसात हातात येईल असं धरू नका, डिझर्टेशन चालू असतानाच मागा. समाज कल्याण खात्याला पण माझी विनंती आहे की मुलांनी मागायची वाट न बघता ते पत्र तयार ठेवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १ जानेवारी २०२७ पासून जो अर्ज करेल त्याला दोन वर्षं नाही, १८ महिनेच मिळणार आहेत (पीएचडीचे तीन तसेच आहेत). ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ज्याचा अर्ज जाईल त्याला दोन वर्षं. म्हणजे मागच्या सप्टेंबरात जी मुलं गेली, त्यांचा रिझल्ट ह्या नोव्हेंबर डिसेंबरात लागणार, त्यांच्या हातात जेमतेम काही आठवडे आहेत, आणि नाताळात तिकडची विद्यापीठं बंद असतात, म्हणजे विद्यापीठाने होम ऑफिसला कळवणं हे सुट्टीच्या आधीच व्हायला पाहिजे. मुलांनी आत्ताच डिपार्टमेंटला विचारून ठेवावं की रिझल्ट ठरवणारं बोर्ड कधी बसतं, कळवणार कधी. सहा महिन्यांनी काय फरक पडतो असं म्हणू नका. त्या व्हिसाला मुदतवाढ नाही, तो परत मिळत नाही, तो संपायच्या आत पुढच्या कामाच्या व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी शोधावी लागते आणि जुलै २०२५ पासून त्या व्हिसाला पगार वर्षाला साधारण ४१,७०० पाउंड लागतो, नव्याने पदवी घेतलेल्यांना ३३,४०० चालतो. तेवढ्या पगाराची पहिली नोकरी शोधायला सहा महिने कमी मिळणं म्हणजे फार झालं.

आणि दिवाळी यंदा ८ नोव्हेंबरला आहे. आईवडिलांना सांगते, बोलवू नका. म्हणजे अर्ज करायच्या आधी, व्हिसा चालू असताना, विद्यापीठाला विचारून येऊन जाणं जमतं, पण रिझल्ट कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, आणि एकदा पोरगं घरी आलं की आपण त्याला लवकर सोडत नाही हे मी माझ्यावरून सांगते. अर्ज गेला की मग साधारण आठ आठवड्यांत निर्णय येतो. तेवढे दिवस घरात काय वाट्टेल ते होवो, त्याला ये म्हणायचं नाही, आणि आली नाही म्हणून बोलायचं तर अजिबात नाही. लेक ते पाच आठवडे एकटी होती तिकडे. वेअरहाऊसला कामाला जायची, रूमवर आली की माईंचा फोटो, आणि आमचा फोन गेला तर फोनवर आम्ही पहिले काही दिवस नीट बोलत नव्हतो.

निर्णय ९ जानेवारीला आला. पासपोर्टवर शिक्का नाही, कार्ड नाही, नुसता ईमेल, व्हिसा आता ऑनलाइनच असतो. ह्यांनी विचारलं, एवढंच? ती म्हणाली एवढंच बाबा. मार्चमध्ये ती दहा दिवस आली. विमानतळावरून घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आली ती थेट माईंच्या खोलीत गेली, आणि दहाही दिवस तिथेच त्यांच्या खाटेवर झोपली. जाताना माईंचं एक जुनं लुगडं घेऊन गेली. नव्या पाटल्या करायला ती दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकते असं तिच्या बहिणीकडून कळलं, मला तिने सांगितलेलं नाही.

संपादक साहेब, तुमच्या पेपरात दर आठवड्याला परदेशी शिक्षणाच्या अर्ध्या अर्ध्या पानाच्या जाहिराती असतात. त्याच पानावर एखाद्या कोपऱ्यात हे नियम सोप्या मराठीत छापता आले तर बघा, आईवडील ते पान जपून ठेवतात. आणि हे पत्र मोठं झालंय ते मला कळतंय. कापायचं झालं तर आमच्या घरचं कापा, पण अर्ज यूकेमध्ये असतानाच करायचा, निर्णय येईपर्यंत बाहेर पडायचं नाही, आणि ३१ डिसेंबरची तारीख, एवढं मात्र राहू द्या.

आपली,
एक आई, कराड तालुका
(नाव छापू नये ही विनंती)