सोमवारपासून सिस्टर येणार आहेत

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते. सोमवारपासून घरी सिस्टर येणार आहेत, सकाळी ८ ते रात्री ८. तुम्हाला न विचारता ठरवलं. रागवा, पण नाही म्हणू नका.

आई, तुझं काही कमी पडलं म्हणून नाही गं. दर २ तासांनी बाबांची कूस बदलायची, तीही दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवून, हे एकटीचं काम नव्हे. मागच्या वेळेसारखी तुझी कंबर धरली तर? तुझी खिडकीजवळची खुर्ची, दुपारची झोप, काही म्हणजे काही हलणार नाही.

बाबा, परक्या माणसाने अंग पुसायचं याचा संकोच वाटणारच. पण स्पंजिंग करताना चादर अंगावरच असते. हात पुसायचा तर हातच उघडा करतात, कोरडा करून लगेच झाकतात, मग दुसरा. आणि प्रत्येक वेळी आधी सांगतात, “आता डावीकडे वळवते.” न सांगता वळवू लागल्या तर “थांबा, आधी सांगा” म्हणायचं. हा उद्धटपणा नाही. “हात धुतलेत का?” हेही विचारायचं. चांगल्या सिस्टरला याचा राग येत नाही.

इन्सुलिनच्या वेळी पेनवरचं, म्हणजे त्या पेनसारख्या इंजेक्शनवरचं, नाव आणि युनिट त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. सुई दर वेळी नवी. आधी २ युनिट सोडून टोकाला थेंब येतो का ते बघतात. टोचल्यावर १० आकडे मोजून मगच सुई काढायची. घाईने काढली तर औषध बाहेर ओघळतं आणि साखर का उतरत नाही ते कुणालाच कळत नाही. जागाही रोज बोटभर सरकवायची. एकाच ठिकाणी टोचत राहिलं तर गाठ होते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

आता तुमच्याकडून काय हवं ते. बाबा, तुमचं “ठीक आहे” आता चालणार नाही. दुखणं ० ते १० मध्ये किती, ते आकड्यात सांगा. भूक नसेल तर इंजेक्शनच्या आधी सांगा, नंतर नाही. तुम्ही पूर्ण जेवणार असं धरून त्या डोस देणार आणि तुम्ही अर्धं ताट सारणार, मग तासा-दोन तासांत घाम, थरथर, धडधड. रक्तातली साखर ७० च्या खाली आली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सपाट ३-४ चमचे, पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट ॲम्ब्युलन्स.

आणि उशीखालची ती दुखण्याची गोळी. हो, मला माहीत आहे. पॅरासिटॅमॉल वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत असतं. तुम्ही एक गुपचूप घेणार, सिस्टर चार्ट बघून दुसरी देणार. दोन्ही मिळून जास्त झालं की यकृताला त्रास. पाकीट त्यांच्या हातात द्या. त्या चिडणार नाहीत, वेळ लिहून ठेवतील.

आई, तू टाचा बघत जा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोड. पांढरा पडून परत लाल झाला तर दाब काढला की बरा होतो. दाबूनही लालच राहिला तर तिथली कातडी बिघडायला लागली आहे. तो चोळायचा नाही. चोळून बरं वाटेल असं तुला वाटेल, पण आतून आणखी इजा होते. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची आणि लगेच सिस्टरना दाखवायची.

बाबा, लहानपणी दवाखान्यात नेताना तुम्ही मला “दुखणार नाही” असं कधीच म्हटलं नाहीत. “दुखेल, पण थोडंच” म्हणायचात, म्हणून मी दंड पुढे करायचे. सिस्टरही तसंच खरं सांगतील. तुम्हीही त्यांना खरंच सांगा.

सोमवारी त्या यायच्या आधी कानातलं मशीन लावून ठेवा, नवी बॅटरी घालून. ऐकू आलं नाही तर नुसती मान डोलावू नका, पुन्हा विचारा. आई, जुन्या प्रिस्क्रिप्शनची फाइल टेबलावर काढून ठेव. रात्री ८ नंतर फोन करते.

तुमची,
छकुली