काका, टो-बॉल काढून ठेवलात त्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे रे" म्हणून पुन्हा गाडीखाली शिरता. म्हणून हे जाहीर पत्र. तुम्ही जे सांगितलंत ते इथल्या डोंगरात शिकारीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानावर पडावं, हाही हेतू आहेच.

देशातल्या वाचकांसाठी आधी थोडं. तुम्ही मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात गाड्या दुरुस्त करता, आम्ही तुमच्याकडे गाडी आणणारी शिकारी मंडळी. आणि टो-बॉल म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे बसवतात तो लोखंडी गोळा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबराला अभय आहे आणि ते तसंच राहायला हवं. इथे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात गोष्ट उलटी आहे. आपल्याकडचंच हे जनावर १८६० च्या दशकात बाहेरून आणून इथे सोडलं गेलं. पूर्वेकडच्या डोंगरांत ते इतकं वाढलं की कोवळी झाडं आणि पाणथळ जागा त्याच्या खुरांखाली तुडवल्या जातात. म्हणून परवाना काढून, पायी माग घेत, सांबराची शिकार वर्षभर करता येते. मोठा नर दोनशे किलोच्या पुढे भरतो. त्याचं मांस जागेवरच हाडांवरून उतरवायचं, पाठीवर घेऊन घळीतून वर चढायचं आणि गाडीत घालून डार्गो, लिकोला नाहीतर मॅन्सफिल्डच्या बाजूने घरी आणायचं. या सगळ्यात गाडीचं खरं काम सुरू होतं ते परतीच्या वाटेवर.

हे आम्हाला तुमच्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. शोरूममध्ये इंजिनाची ताकद सांगितली, टच-स्क्रीन दाखवला. सामान बसवून देणाऱ्या दुकानात बुलबार (पुढचा संरक्षक लोखंडी दांडा), विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग), छतावरचा तंबू असं एकावर एक लिहीत गेले. एकूण वजन किती झालं, हे दोन्हीकडे एकानेही विचारलं नाही. तुमचा पहिलाच प्रश्न होता, "माणसं किती आणि येताना काय घेऊन येणार?"

मग तुम्ही एका जुन्या बिलाच्या पाठीवर बेरीज मांडलीत. ती इथे तशीच देतो, कारण डबल-कॅब युट (आसनांच्या दोन रांगा आणि मागे उघडा ट्रे असलेली गाडी) घेणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे. कागदावर पेलोड, म्हणजे माणसांसकट गाडी जेवढा भार वाहू शकते तो, साधारण १००० किलो. बुलबार आणि विंच ९५. कॅनोपी (ट्रेवरचं बंद झाकण) ९०. मागचे ड्रॉवर ७०. दुसरी बॅटरी ३०. छतावरचा रॅक आणि तंबू ९०. चार माणसं ३४०. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. भरलेला फ्रिज ५०. रायफली, स्ट्रॅप, शिधा, अंथरूण-पांघरूण मिळून १००. झाले ९२५. उरले ७५, आणि एका मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांसच तेवढं भरू शकतं. दुसरं जनावर मिळालं की गाडी कायद्याने आणि लोखंडाने, दोन्ही हिशोबांनी ओव्हरलोड. त्यातही एक खोच तुम्ही दाखवलीत. रिकाम्या गाडीचं टेअर वजन फक्त १० लिटर इंधन धरून मोजतात, कर्ब वजन भरलेल्या टाकीसह. विकणाऱ्याने टेअरवरून पेलोड सांगितला असेल, तर टाकी पूर्ण भरताच साठएक किलो आणखी गेले.

म्हणून निघण्यापूर्वी भरलेली गाडी माणसांसकट वजनकाट्यावर घालायची. आधी पूर्ण गाडी, मग पुढची चाकं काट्याबाहेर काढून मागच्या ॲक्सलचं वेगळं. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर असू शकतो, कारण मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेलं वजन पुढचं टोक उचलतं आणि स्वतःपेक्षा जास्त भार मागे टाकतं. गाडी मागून बसली म्हणून लोक मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एअरबॅग, म्हणजे हवा भरायच्या रबरी पिशव्या, घालतात. गाडी सरळ दिसायला लागते, पण पाट्याच्या दोन टोकांवर वाटलेला भार आता चॅसीच्या एकाच जागी बसतो. खडबडीत वाटेवर तिथेच चॅसी वाकते, आणि वाकलेली चॅसी बहुतेक वेळा गाडीची किंमतच संपवते. आम्हाला एअरबॅग विकायला बसलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं वाटत नाही.

गाडी निवडताना तुम्ही कुठल्याच कंपनीची बाजू घेतली नाहीत. हायलक्ससारखी पार्ट-टाइम फोर-व्हील साधी आणि टिकाऊ, पण डांबरावर ४एच (चारही चाकांना जोर देणारा गिअर) लावायचं नाही. पुढच्या-मागच्या ॲक्सलना वळणात वेगवेगळं अंतर कापावं लागतं, मध्ये हा फरक सांभाळणारा डिफरन्शियल (डिफ) नसल्याने तो ताण गिअरच्या दातांवर साठतो आणि शेवटी ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारी गिअरपेटी) ओरडते. प्राडोसारखी फुल-टाइम पावसाळी डांबरावर निर्धास्त चालते, पण चिखलात शिरण्याआधी मधला डिफ लॉक करायला विसरायचं नाही. बंदिस्त वॅगनमध्ये मांसाचा वास आणि रक्त घरी येतं, युटच्या पत्र्याच्या ट्रेला पाण्याचा पाइप लावला की झालं. उलट ट्रेमध्ये धूळ फार, म्हणून मांस जाळीदार कापडी पिशव्यांत भरून कॅनोपीच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास. मागचा डिफ लॉक असेल तर लिफ्टवर पैसे घालू नका, हेही तुमचंच. गाडी उंच केली की तिरक्या उतारावर ती लवकर कलंडते आणि पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढून ते लवकर झिजतात.

टायरबद्दल तुम्ही जेवढं बोललात तेवढं इंजिनाबद्दल बोलला नाहीत, आणि ते योग्यच होतं. टायर लाइट ट्रक बांधणीचे, कारण या डोंगरात काट्यापेक्षा तुटलेल्या फांदीचा खुंट बाजूची भिंत फाडतो आणि तिथे पंक्चरचा प्लग बसत नाही. लांब जायचं तर स्टेपनी दोन. हवा डांबरावर ३६ ते ४० पीएसआय, खडीच्या रस्त्यावर २८, दगडी चढावर २२ ते २५, चिखलात १८ ते २०. हवा कमी केली की टायर लांबट होऊन पकडीची जागा वाढते, पण तो तापतोही लवकर, म्हणून वेग कमी ठेवायचा आणि डांबर लागताच कॉम्प्रेसर काढायचा.

चढावर गाडी अडली तर न्यूट्रलमध्ये मागे घरंगळू द्यायची नाही. ब्रेक दाबून धरायचा, लो रेंजमध्ये (हळू पण जोरदार गिअरमध्ये) रिव्हर्स टाकायचा आणि आलो त्याच चाकोरीने इंजिनाच्या आधाराने सरळ खाली. वळवून तोंड खाली करायला गेलेली गाडी उतारावर आडवी होते, आणि आडवी झालेली गाडी लोळते. उतरताना लो रेंजचा पहिला किंवा दुसरा, ब्रेक नावापुरता. पावसानंतर तिथली चिकणमाती टायरच्या खाचा भरून टाकते, मग टायर नुसता गुळगुळीत रूळ होतो. अशा दिवशी जायचंच नाही. जूनमधल्या लाँग वीकएंडनंतर साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत बऱ्याच वाटा सरकार बंद ठेवतं, ते याचसाठी.

नदीबद्दल एकच सांगतो, कारण ते फार थोड्यांना ठाऊक असतं. वोनंगाटा नदीच्या थंडगार पाण्यात तापलेला डिफ बुडाला की आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर, म्हणजे डिफमध्ये हवा ये-जा करण्याची नळी, खालीच असेल तर पाणी ओढलं जातं, सीलमधूनही शिरतं. म्हणून ब्रीदरच्या नळ्या बॉनेटपर्यंत वर न्यायच्या आणि काठावर थांबून गाडी थोडी निवू द्यायची. घरी आल्यावर डिफचा प्लग सैल करून तेल पाहायचं. दुधासारखं दिसलं तर तेव्हाच बदलायचं, पुढच्या सर्व्हिसची वाट पाहायची नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हे पत्र आहे.

गाडी तपासून झाल्यावर तुम्ही मागे गेलात आणि हिचमधला, म्हणजे मागच्या जोडणीच्या खाचेतला, टो-बॉल पाहिलात. तो दुकानानेच बसवून दिला होता, "अडकलात तर यालाच स्ट्रॅप लावा" असं सांगून. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पिन काढलीत, बॉल त्याच्या पट्टीसकट ओढून काढलात, फडक्यात गुंडाळून मागच्या ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवलात. मग स्वतःच्या गाडीकडे गेलात, तुमच्या हिचमधला रिकव्हरी ब्लॉक (अडकलेली गाडी ओढायलाच बनवलेला ठोकळा) काढून आणलात आणि ४.७५ टनाच्या शॅकलसकट (पिनेच्या कडीसकट) आमच्या गाडीत बसवलात. मग फक्त एवढंच म्हणालात, "ह्यो बॉल ट्रेलरसाठी हाय, गाडी उपसायसाठी न्हवं."

काका, त्या बॉलवर ३.५ टन लिहिलेलं असतं. तो आकडा ट्रेलर शांतपणे ओढण्याचा. स्नॅच स्ट्रॅप, म्हणजे गाडी ओढायचा लवचिक पट्टा, ताणला जातो, शक्ती साठवतो आणि झटक्याने सोडतो. चिखलाने धरून ठेवलेल्या गाडीवर तो झटका कितीतरी जास्त भरतो. बॉल मानेपाशी तुटतो आणि स्ट्रॅपबरोबर थेट दुसऱ्या गाडीच्या काचेकडे येतो. ऑस्ट्रेलियात अशी माणसं मेली आहेत. दुकानदाराला दहा मिनिटं आणि एक ब्लॉक जास्तीचा वाटला. तुम्ही तुमच्या गाडीतला काढून दिलात आणि त्या आठवड्यात स्वतः त्याच्याशिवाय फिरलात. हे आम्हाला तुमच्या मुलीकडून नंतर कळलं. ते कळल्यापासून तुमचा विषय निघाला की आमच्यातल्या दोघा-तिघांचा आवाज अजून बदलतो.

बाकीचं तुम्ही सांगितलेलं वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. आधी फावडं, मग हवा कमी करणं, मग चाकाखाली ट्रॅक बोर्ड, आणि स्ट्रॅप शेवटी. स्ट्रॅपची क्षमता हलक्या गाडीच्या कमाल वजनाच्या दोन ते तीन पट, म्हणजे आमच्या युटला ८ टनांचा. गाडीच्या पुढच्या बाजूला जहाजावर बांधण्यासाठी दिलेल्या कड्या रिकव्हरीसाठी नसतात, तिथे वेगळे रेटेड पॉइंट (ठरलेल्या क्षमतेचे ओढण्याचे हूक) बोल्टने बसवून घ्यायचे. शॅकलची पिन पूर्ण आवळून थोडी मागे फिरवायची, नाहीतर ओढल्यावर ती अडकते. तुटला तर उडू नये म्हणून स्ट्रॅपवर वजनदार डॅम्पर टाकायचा, बघ्यांनी स्ट्रॅपच्या दीडपट लांब आणि बाजूला उभं राहायचं. बंदूक रिकामी, काडतुसं वेगळी कुलपात, दोन्ही बाहेरून न दिसणारी, हे गाडी अडकलेली असतानाही पाळायचं. त्या गडबडीत तर मुद्दाम.

आपल्या कोल्हापूरच्या मातीत शिकारीचं वेड जुनं, पण वेडाबरोबर दुसऱ्याच्या जिवाची इतकी काळजी घेणारी माणसं आम्ही परदेशात फार थोडी पाहिली. ज्याला काही विकायचं नसतं तोच नीट सांगतो असंही नाही. डँडेनॉन्गच्या तुमच्या शेडमध्ये सुटे भाग विकायलाच असतात, तरी तुम्ही आम्हाला तीन गोष्टी घेऊ नका म्हणालात. गिऱ्हाइकाचा बदललेला पार्ट तुम्ही धुऊन, पिशवीत घालून परत देता, त्यालाही झीज दाखवता. कुणी नवीन पोरगा जुनाट निस्सान पॅट्रोल गाडी घेऊन आला तर त्याला हसत नाही, त्याच्या गाडीखाली तितकाच वेळ झोपता. अशा माणसांमुळेच इथे एकमेकांच्या भरवशावर डोंगरात जाता येतं. दुकानात गोड बोलणारे खूप भेटतात, पण आपली गाडी अडकल्यावर पलीकडे कोण बसलेलं असेल याचा विचार करणारा तुमच्यासारखा एखादाच.

तुमचा ब्लॉक आणि शॅकल साफ करून, पिनला ग्रीस लावून या शनिवारी परत आणतो आहोत. आम्ही आमचा स्वतःचा घेतला आहे, त्यावरचं रेटिंग तुम्ही एकदा बघून घ्या. मागच्या डिफचं तेलही तेव्हाच बदलायचं आहे. आणि कृपा करून या वेळी मजुरी घ्या. काकूंना सांगून ठेवलं आहे की तुम्ही नको म्हणालात तर आम्ही पैसे त्यांच्याकडे देणार.

आपली,
मेलबर्नची सांबरवाली मंडळी